अमेरिकेत पाण्यातल्या फ्लोराइडवर बंदी. मग आपल्या टूथपेस्टचं काय?

२७ मार्च २०२५ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्याचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी एका कायद्यावर सही केली. सार्वजनिक पाणीपुरवठ्यात फ्लोराइड मिसळायला बंदी घालणारं युटा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. दीड महिन्यात, १५ मे रोजी फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनीही तशाच कायद्यावर सही केली. मधल्या काळात देशाचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर सॉल्ट लेक सिटीत गेले, युटाचं कौतुक केलं आणि पाण्यात फ्लोराइड मिसळण्याची शिफारस मागे घ्यायला आपल्या खात्याला सांगणार असल्याचं जाहीर केलं.

इथपर्यंतची बातमी अमेरिकेची. व्हॉट्सॲपवरून मराठी घरांत येईपर्यंत मात्र तिचा आकार बदलला. ‘अमेरिकेने फ्लोराइडवर बंदी घातली. तिकडे जे विष ठरलं ते इथे तुमच्या मुलांच्या ब्रशवर रोज सकाळी!’ अशा धाटणीचे मेसेज आणि रील्स फिरू लागले. काहींच्या शेवटी बिनफ्लोराइडच्या दंतमंजनाची लिंकही होती, हे वेगळं सांगायला नको.

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात घातल्या गेल्या आहेत. अमेरिकेतल्या नळाच्या पाण्यात मुद्दाम मिसळलेलं फ्लोराइड, टूथपेस्टमधलं फ्लोराइड आणि यवतमाळ किंवा नांदेडच्या बोअरमधून आपोआप येणारं फ्लोराइड. रसायन एकच असलं तरी तिन्हींचं प्रमाण, फायदा आणि धोका वेगळा आहे.

आधी अमेरिकेकडे पाहू.

पाण्यात फ्लोराइड मिसळलंच कशाला?

गोष्ट सुरू होते ती डागाळलेल्या दातांपासून. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात दवाखाना थाटायला गेला. तिथल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी, चॉकलेटी डाग होते. लोक त्याला ‘कोलोरॅडोचा तपकिरी डाग’ म्हणायचे. मॅकेने पुढची अनेक वर्षं या डागांचा माग काढण्यात घालवली. तो करताना त्याच्या लक्षात आलं की हे दात दिसायला वाईट असले तरी त्यांना कीड फारशी लागत नाही.

कारण सापडायला १९३१ साल उजाडलं. आर्कान्सा राज्यातल्या बॉक्साइट नावाच्या गावातही मुलांच्या दातांवर असेच डाग होते. हे गाव एका ॲल्युमिनियम कंपनीचं. डागांचा दोष आपल्या ॲल्युमिनियमवर येईल की काय या काळजीने कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी गावचं पाणी तपासलं, तर त्यात भरपूर फ्लोराइड निघालं. मग सरकारी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी गावोगावचं पाणी आणि तिथल्या मुलांचे दात यांची सांगड घातली. लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डाग फारसे पडत नाहीत आणि कीड मात्र कमी होते, असं त्यांना दिसलं.

२५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने आपल्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. असं करणारं हे जगातलं पहिलं शहर. अकरा वर्षांनी निकाल जाहीर झाला. फ्लोराइड सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये दात किडण्याचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त घटलं होतं. तेव्हा बाजारात फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची गरज लागणार आहे.

त्यानंतर एकामागून एक शहरं या वाटेने गेली. १९९९ मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या आरोग्यसंस्थेने विसाव्या शतकातल्या सार्वजनिक आरोग्याच्या दहा मोठ्या कामगिऱ्यांमध्ये याचा समावेश केला. सध्या अमेरिकेत २० कोटींहून अधिक लोकांच्या नळाला फ्लोराइडचं पाणी येतं.

विरोधही तितकाच जुना आहे. १९५० च्या दशकात हा कम्युनिस्टांचा कट आहे असं म्हणणारे लोक होते. १९६४ मध्ये स्टॅनली कुब्रिकने ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ या सिनेमात त्यांची यथेच्छ टिंगल केली. तरीही हा वाद निव्वळ उजव्या विचारांच्या लोकांचा आहे असं समजणं चूक ठरेल. ओरेगॉनमधलं पोर्टलंड हे अमेरिकेतलं पक्कं उदारमतवादी शहर. २०१३ मध्ये तिथल्या मतदारांनी फ्लोराइडचा प्रस्ताव फेटाळून लावला.

‘हा तर कारखान्यांचा टाकाऊ माल आहे’ हा आक्षेपही नेहमी ऐकू येतो. यात तथ्य आहे. पाण्यात मिसळलं जाणारं बरंचसं फ्लोराइड फॉस्फेट खताच्या कारखान्यांतून उपउत्पादन म्हणून मिळतं. गंमत म्हणजे फॉस्फेटचा हा उद्योग मोठ्या प्रमाणावर फ्लोरिडातच आहे. पण एखादी वस्तू कुठून आली यावरून ती विषारी आहे की नाही हे ठरत नाही. गूळ करताना निघणारी मळी आपल्या ओळखीची आहे, तिचाही कुणी ना कुणी उपयोग करतोच. प्रश्न असतो शुद्धतेचा आणि प्रमाणाचा.

‘किती’ हा शब्द रीलमध्ये नसतो

आता प्रमाणाकडे येऊ, कारण सगळा वाद तिथेच आहे.

अमेरिकेत २०१५ पासून पाण्यात लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम फ्लोराइड ठेवण्याची शिफारस आहे. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. त्या अख्ख्या टाकीत पाऊण ग्रॅमही फ्लोराइड नसतं. चिमूटभर मीठ म्हणतो ना, जवळपास तेवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची आहे. भारतीय मानक आणखी कडक आहे. १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं ते सांगतं. उष्ण प्रदेशात माणूस पाणी जास्त पितो, म्हणून लिटरमागची मर्यादा खाली हवी, हा विचार अमेरिकेतही होता. तिथली जुनी शिफारस ०.७ ते १.२ अशी होती आणि गरम हवेच्या भागांसाठी खालचा आकडा वापरला जायचा.

दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या अमेरिकी माणसाच्या पोटात नळाच्या पाण्यातून १.४ मिलिग्रॅम फ्लोराइड जातं. आता लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या बोअरचं पाणी पिऊन एप्रिलच्या उन्हात शेतात राबणारी बाई घ्या. ती पाच लिटर पाणी सहज पिते. तिचा हिशोब १५ मिलिग्रॅमवर जातो, म्हणजे दहापटीहून जास्त. शिवाय स्वयंपाकाचं पाणी वेगळंच.

मग आत्ताच काय झालं?

वादाला नवं तोंड फुटलं ते मुलांच्या बुद्ध्यांकावरून. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा अहवाल आला. पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तर मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी त्याचा संबंध दिसतो, असं अहवालाने ‘मध्यम खात्रीने’ म्हटलं. ०.७ या प्रमाणाला असं काही होतं की नाही हे सांगायला पुरेशी माहिती नाही, असंही त्याच अहवालात लिहिलं आहे. रील्समध्ये पहिलं वाक्य असतं, दुसरं नसतं.

जानेवारी २०२५ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात ७४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचाही रोख तोच होता, जास्त फ्लोराइड आणि कमी बुद्ध्यांक. पण हे बहुतेक अभ्यास चीनमधले, काही भारतातले, आणि अमेरिकेतला एकही नाही. म्हणजे जिथे जमिनीतूनच भरमसाट फ्लोराइड येतं, तिथले. त्यातले ५२ अभ्यास पूर्वग्रहाचा मोठा धोका असलेले, म्हणजे काहीसे कच्चे, असं खुद्द आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवलं. पाण्यात १.५ पेक्षा कमी फ्लोराइड असतं तिथे ठोस संबंध दिसला नाही.

मग विरोधकांच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २४ सप्टेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतले फेडरल न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी ०.७ हे प्रमाणही मुलांच्या बुद्ध्यांकासाठी ‘अवाजवी धोका’ ठरतं असा निकाल दिला आणि ईपीए या पर्यावरण संस्थेला पावलं उचलायला सांगितलं. फ्लोराइडच्या पाण्याने अपाय होतोच, असं आपण ठामपणे म्हणत नसल्याचंही त्यांनी निकालात स्पष्ट केलं. त्यांचा मुद्दा अंतराचा होता. एखादं रसायन ज्या पातळीला त्रास देऊ लागतं आणि लोकांना ज्या पातळीला दिलं जातं, त्यात साधारण दहापट तरी मोकळी जागा ठेवण्याचा रिवाज आहे. लहान बाळं, गरोदर बाया, मूत्रपिंडाचे रुग्ण अशा नाजूक लोकांसाठी ती जागा असते. फ्लोराइडच्या बाबतीत हे अंतर दहापट नाही. ०.७ आणि १.५ यांत जेमतेम दुपटीचा फरक आहे. नळाच्या पाण्यात कालवलेली दूध पावडर हेच ज्याचं सगळं अन्न आहे, त्या तान्ह्या बाळाच्या वजनाच्या मानाने तर ते अंतर आणखी आक्रसतं.

या निकालाविरुद्ध ईपीएने अपील केलं. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये एक मोठा अमेरिकी अभ्यास आला. १९८० च्या सुमारास हायस्कूलमध्ये असलेल्या हजारो विद्यार्थ्यांचा पुढच्या आयुष्यात पाठपुरावा केलेली माहिती त्यात वापरली होती. ज्यांच्या गावात फ्लोराइडचं पाणी होतं त्या मुलांची बुद्धी कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट शाळेतल्या चाचण्यांत ती किंचित पुढेच होती. यात प्रत्येक मुलाने किती फ्लोराइड घेतलं ते मोजलेलं नव्हतं, राहत्या गावावरून अंदाज बांधला होता. तरीही अमेरिकेतल्या प्रमाणाबद्दल अमेरिकेतली मोठी माहिती, म्हणून तिला वजन आहे.

फायदा तरी किती उरलाय?

इथे फ्लोराइडच्या समर्थकांची अडचण होते.

ग्रँड रॅपिड्सचा ६० टक्क्यांचा आकडा आजही भाषणांत फिरतो. पण तो टूथपेस्टच्या आधीच्या जगातला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने जुने-नवे अभ्यास वेगवेगळे करून पाहिले. १९७५ पर्यंतच्या अभ्यासांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे मुलांचे सरासरी दोन दुधाचे दात वाचत होते. त्यानंतरच्या अभ्यासांत हा आकडा पाव दातावर आला. म्हणजे चार मुलांमागे एक दात, आणि त्याचीही खात्री कमी.

असं का झालं? सुरुवातीला वाटायचं की फ्लोराइड पोटात गेलं की दात घडतानाच मजबूत होतात. नंतर समजलं की खरं काम दाताच्या पृष्ठभागावर होतं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, ते दाताच्या वरच्या थरातली खनिजं विरघळवतं, लाळ ती हळूहळू परत भरून काढते. दिवसभर चालणाऱ्या या ओढाताणीत लाळेत जरासं फ्लोराइड असलं तर भरून काढण्याचं काम लवकर होतं आणि नव्याने बसलेला थर आम्लाला जास्त टिकतो. टूथपेस्ट नेमकं हेच करते, आणि पाण्यापेक्षा कितीतरी जोरकसपणे. दिवसातून दोनदा नीट दात घासणाऱ्या, गोड बेताने खाणाऱ्या आणि सहा महिन्यांनी डॉक्टरकडे जाणाऱ्या मुलाला नळातल्या फ्लोराइडचा फायदा फार थोडा.

पण सगळी मुलं तशी नसतात. कॅनडातल्या दोन शहरांची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. कॅलगरी आणि एडमंटन, दोन्ही अल्बर्टा प्रांतातली. दोन्हींच्या पाण्यात फ्लोराइड होतं. २०११ मध्ये कॅलगरीने ते बंद केलं, एडमंटनने चालू ठेवलं. सात वर्षांनी संशोधकांनी दुसरीतल्या मुलांचे दात तपासले. एडमंटनमध्ये ५५ टक्के मुलांचे दात किडलेले होते, कॅलगरीत जवळपास ६५ टक्के. म्हणजे टूथपेस्ट घरोघरी पोहोचलेल्या काळात, श्रीमंत देशातल्या श्रीमंत प्रांतात, दर शंभर मुलांत दहा मुलांचा फरक. भूल देऊन दातांवर उपचार करावे लागणाऱ्या मुलांचं प्रमाणही कॅलगरीत जास्त असल्याचं आणखी एका अभ्यासात दिसलं.

२०२१ मध्ये कॅलगरीत जनमत घेतलं गेलं. ६२ टक्के लोकांनी फ्लोराइड परत आणा असं सांगितलं. यंत्रणा नव्याने उभारायला सुमारे २.८ कोटी कॅनेडियन डॉलर लागले आणि ३० जून २०२५ पासून कॅलगरीच्या नळांना पुन्हा फ्लोराइड आलं. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, फ्लोरिडाची बंदी अमलात आली!

अख्ख्या अमेरिकेने फ्लोराइड बंद केलं तर काय होईल, याचं गणित मे २०२५ मध्ये ‘जामा हेल्थ फोरम’मध्ये मांडलं गेलं. पाच वर्षांत मुलांचे सुमारे २ कोटी ५४ लाख जास्तीचे दात किडतील आणि खर्च ९८० कोटी डॉलरने वाढेल, असं ते गणित सांगतं. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण ही वाढ कोणाच्या घरात होणार याबद्दल फारसा वाद नाही. अमेरिकेत दाताचा डॉक्टर महाग आहे आणि गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचे रुग्ण घ्यायला बरेच डॉक्टर तयार नसतात. ज्या मुलाचे आईबाप दोन-दोन पाळ्या करतात, त्याच्यासाठी नळाचं पाणी हाच काय तो दंतवैद्य होता. सार्वजनिक चर्चेत सगळ्यात जास्त आवाज आहे तो बाटलीबंद पाणी आणि महागडे फिल्टर परवडणाऱ्यांचा, आणि झळ बसणार आहे ती दुसऱ्यांना.

युटाच्या कायद्यात यावर एक उतारा होता. ज्यांना हवं त्यांना औषधविक्रेत्यांकडून फ्लोराइडच्या गोळ्या मिळाव्यात. कागदावर हे न्याय्य वाटतं. पण १३ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांना पोटातून दिल्या जाणाऱ्या या गोळ्या-थेंबांवरच टाच आणण्याची प्रक्रिया सुरू केली. त्याच सुमारास सीडीसीमधला दातांच्या आरोग्याचा विभाग नोकरकपातीत बंद झाला होता. नळ बंद करायचा, पर्यायी गोळीही आवळायची आणि मोजणारा विभागही ठेवायचा नाही, याला सावधगिरी म्हणणं अवघड आहे.

युरोप तर मिसळतच नाही, मग?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. युरोपातले बहुतेक देश पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत आणि तिथल्या मुलांचे दात काही वाईट नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने २००३ मध्ये ते थांबवलं. पण स्वित्झर्लंड आणि जर्मनीत फ्लोराइडयुक्त मीठ दुकानात मिळतं, आणि घ्यायचं की नाही हे गिऱ्हाईक ठरवतं. युरोपात अनेक ठिकाणी मुलांच्या दातांची काळजी सरकारी व्यवस्था घेते. नळ बंद केला तरी बाकीची दारं तिथे उघडी आहेत.

संमतीचा मुद्दा मात्र खरा आहे. सगळ्यांच्या पाण्यात काहीतरी मिसळणं म्हणजे न विचारता औषध देणं, असं म्हणणाऱ्याला निव्वळ वेडगळ ठरवून चालत नाही. आपल्याकडे मिठातल्या आयोडीनवरून हाच वाद झाला आहे. साध्या मिठावरची देशव्यापी बंदी २००० मध्ये केंद्र सरकारने उठवली ती लोकांच्या निवडीचा मुद्दा पुढे करूनच, आणि २००६ मध्ये ती परत आणली. फरक एवढाच की आयोडीनच्या कमतरतेने गलगंड आणि मतिमंदत्व येतं, तिथे दुसरा सोपा उपाय नाही. दातांसाठी टूथपेस्ट आहे. म्हणून आयोडीनच्या सक्तीइतकी फ्लोराइडच्या सक्तीची बाजू मजबूत नाही, असं कुणी म्हटलं तर ते पटण्यासारखं आहे. फक्त ती सक्ती काढताना तिच्या जागी काय ठेवलं, हे विचारायला हवं. युटा-फ्लोरिडाचं उत्तर तिथे तोकडं पडतं.

महाराष्ट्रातला प्रश्न उलटा आहे

भारतात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळलं जात नाही, त्यामुळे ते बंद करण्याचाही प्रश्न नाही. इथे लढाई आहे ती पाण्यातून फ्लोराइड काढण्याची.

जास्त फ्लोराइडमुळे होणाऱ्या आजाराला फ्लोरोसिस म्हणतात. भारतात तो पहिल्यांदा नोंदवला गेला १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांमधल्या गावांची नावं या संदर्भात वारंवार येतात. कारण पायाखालच्या खडकात आहे. काही खडकांमध्ये, विशेषतः ग्रॅनाइटच्या जातीच्या जुन्या खडकांत, फ्लोराइड असलेली खनिजं असतात. पाणी जितका काळ त्यांच्या सहवासात राहील तितकं फ्लोराइड त्यात उतरतं. उथळ आडाचं पाणी पावसाने दरवर्षी नवं होतं; खोल बोअरचं पाणी जुनं असतं. विहिरी आटल्या, लोक शंभर-दोनशे-तीनशे फूट खाली गेले, आणि दुष्काळावरचा हा उपाय काही गावांच्या दातांत आणि हाडांत जाऊन बसला.

आठ वर्षांच्या आतल्या मुलांचे कायमचे दात घडत असतात. त्या काळात जास्त फ्लोराइड गेलं की दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत. वर्षानुवर्षं तेच पाणी पिलं की सांधे आखडतात, पाठ वाकते, मान वळत नाही. त्याला संधिवात समजून लोक गोळ्या खात राहतात. हाडं एकदा अशी झाली की पूर्ववत करणारं औषध नाही. अमेरिकेतल्या वादात ज्याची भीती घातली जाते ते बहुतेक सगळं या गावांमध्ये कुणाच्याही कायद्याशिवाय घडून गेलेलं आहे, आणि त्याची रील बनत नाही.

उपायही जवळच शोधला गेला. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत विकसित केली. ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते, कारण आता तेलंगणात असलेला नलगोंडा हा फ्लोराइडने गाजलेला जिल्हा. पद्धत स्वस्त आहे, पण रोज मात्रा मोजून घालायला माणूस लागतो आणि खाली बसणाऱ्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. कुठे आरओचे वॉटर एटीएम बसले. मशिन बसवण्याचा फोटो येतो, पडदा बदलायला पैसे नाहीत म्हणून ते बंद पडतं त्याचा येत नाही. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे दुसरीकडून, धरण किंवा नदीवरून आणलेलं पाणी. २००८-०९ पासून केंद्राचा फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पण पाणी एका खात्याचं, आजारी माणूस दुसऱ्या खात्याचा, असं असल्यावर गावकरी दोन्हीकडे फेऱ्या मारतो.

मग टूथपेस्ट फेकायची का?

पुण्या-मुंबईत धरणाचं पाणी पिणाऱ्या घराला याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. या पाण्यात फ्लोराइड फारसं नसतं. तिथे दातांचं संरक्षण करणारी टूथपेस्ट हीच एक गोष्ट उरते, आणि तीच फेकली तर गोळ्या-बिस्किटांच्या जोडीला कीड ठरलेली. भारतात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालता येत नाही आणि किती घातलं ते ट्यूबवर लिहावं लागतं. हजार हा आकडा पाण्याच्या ०.७ पुढे राक्षसी वाटतो, पण पाणी लिटरने प्यायचं असतं आणि पेस्ट थुंकायची असते. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये पाव मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असतं.

लहान मुलं थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसणारी लाट फक्त ट्यूब लवकर संपवण्याच्या कामाची असते.

फ्लोरोसिस असलेल्या गावांचं मात्र वेगळं आहे. तिथे पाण्यातूनच गरजेच्या कितीतरी पट फ्लोराइड जात असतं, त्यामुळे मुलांना बिनफ्लोराइडची पेस्ट द्यावी का हे स्थानिक दंतवैद्याला विचारून ठरवणं शहाणपणाचं. सुपारी, काळं मीठ आणि कोरा चहा यांतूनही फ्लोराइड जातं, ते कमी केलेलं बरं. दूध, दही, पालेभाज्या, आवळा, लिंबू आहारात असेल तर शरीराला होणारा त्रास काही प्रमाणात आटोक्यात राहतो. पण पाणी तेच राहिलं तर या सगळ्याची मजल फार नाही.

आपल्या बोअरमध्ये किती फ्लोराइड आहे हे रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. ते तपासावंच लागतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांमध्ये पाण्याचे नमुने तपासले जातात, आणि जलजीवन मिशनखाली ग्रामपंचायतींना प्राथमिक तपासणीचे किटही दिले गेले आहेत. नमुना देताना फ्लोराइडची तपासणी हवी असं वेगळं सांगावं, कारण नुसती जंतूंची तपासणी करून ‘पाणी पिण्यायोग्य’ असा शेरा मिळू शकतो. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. वाफ उडून पाणी कमी होतं, फ्लोराइड तेवढंच मागे राहतं.